खिसा असलेली गोधडी

फ्रीमाँट, २० ऑक्टोबर २०२४

चि. आश्लेषास,

आशीर्वाद. राग वजा करून जेवढे उरतात तेवढे सगळे.

फोन केला की तुझ्याकडून नुसता वारा ऐकू येतो. मध्येच "मावशी, रेंज" म्हणतेस आणि गायब. म्हणून हे पत्र. पोस्टाचं तिकीट शोधण्यात माझी अख्खी सकाळ गेली. ईशान म्हणाला, "मॉम, हू राइट्स लेटर्स?" म्हटलं, तुझी मॉम राइट्स.

अगं, नागपूरची शिकली-सवरलेली गणिताची मास्तरीण अमेरिकेत येते, आणि शोधून शोधून नोकरी कुठे धरते, तर साउथ डकोटात, लकोटा आदिवासींच्या राखीव मुलखात, रिझर्व्हेशनवर! नकाशात पाहिलं मी. तुझ्या गावाच्या आसपास नकाशावाल्यांनीसुद्धा काही छापलेलं नाही.

सोबत डबा पाठवते आहे. बेसनाचे लाडू आणि चकल्या. आता तू म्हणशील, मावशी, काका जूनमध्ये गेले, पहिल्या वर्षी आपल्यात दिवाळी करत नाहीत. बरोबर आहे. मी केलेलीच नाही. तळलं, वळलं आणि लगेच पोस्टात नेऊन टाकलं. घरात राहिलं नाही म्हणजे केलं नाही. तुझे उल्हासकाका असते तर म्हणाले असते, "शैला, तू वकील व्हायला हवी होतीस."

बाकी ठीक. त्यांचं कपाट अजून तसंच आहे. किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, असं मी विचारेल त्याला सांगते. तू विचारू नकोस.

डबा परत पाठव, माझ्या आईच्या घरचा आहे. आणि रिकामा पाठवू नकोस, एवढे तरी संस्कार शिल्लक असतील.

तुझी,
शैलामावशी

ता. क. रेडमंडला प्रसाद म्हणून एक मुलगा आहे. सॉफ्टवेअरमध्ये आहे, उंच आहे, स्वयंपाक येतो. जास्त काही म्हणत नाही.


ग्रास क्रीक, साउथ डकोटा, १७ नोव्हेंबर २०२४

ती. मावशी,

सा. न. लाडवांची बातमी वाईट आहे. मला दोनच मिळाले. बाकीचे उंचीने खाल्ले.

लकोटा भाषेत आजीला उंची म्हणतात. ही उंची माझ्या खांद्याला लागते. खरं नाव बर्निस रनिंग हॉक, पण तिला नावाने हाक मारायची गावात कुणाची छाती नाही. आमच्या शाळेच्या बालवर्गात ती रोज येऊन बसते आणि पोरांशी फक्त लकोटात बोलते. पोरांनी इंग्रजीत पाणी मागितलं की तिला ऐकू येत नाही. लकोटात मागितलं की लगेच ऐकू येतं. ती लहान असताना तिला इंग्रजी बोर्डिंग शाळेत नेऊन ठेवलं होतं. तिथे आपल्या भाषेत बोलली म्हणून तोंडात साबण कोंबला होता. हे सांगून वर म्हणते, "म्हणून तर माझी भाषा इतकी स्वच्छ आहे." मला हसावं की रडावं कळेना. तीच म्हणाली, हस.

तिचा नवरा वेस्ली काकांच्याच महिन्यात गेला. त्यांच्यातही पहिलं वर्ष पाळतात, नाचगाण्यात भाग घेत नाहीत. वर्ष संपलं की गावजेवण घालायचं, आणि ज्यांनी ज्यांनी या वर्षात आधार दिला त्यांना घरच्यांनी वस्तू द्यायच्या, गेलेल्या माणसाच्यासुद्धा. घेणारे पाहुणे, देणारे घरचे. त्यातली सगळ्यात मानाची वस्तू म्हणजे ताऱ्याची गोधडी. रंगीत तुकडे जोडून मध्यभागी मोठा आठ टोकांचा तारा करतात आणि ती गोधडी माणसाच्या खांद्यावर घालतात, आपण शाल घालतो तशी.

उंचीच्या घरात नातवंडं-भाचरं मिळून इतकी माणसं आहेत की झोपायला पाळ्या लागतात. तरी एक पलंग गोधड्यांचा आहे, त्यावर कुणी टेकायचं नाही. "वेस्लीला मी रिकाम्या हातांनी निरोप देणार नाही," म्हणते. जूनमध्ये तो दिवस आहे. तिचा जीव सगळा त्यात आहे. सोबत फोटो पाठवते, त्यात पलंगावर सगळ्यात वर आहे ती केशरी ताऱ्याची.

डब्यात उंचीने काय घातलंय ते सांगायला तिने मला बंदी केली आहे. म्हणाली, "बघू तुझी मावशी किती हुशार आहे."

तुझी,
आश्लेषा

ता. क. उंचीला प्रसादबद्दल सांगितलं. तिने विचारलं, घोडे किती आहेत त्याच्याकडे?


फ्रीमाँट, ८ डिसेंबर २०२४

चि. आश्लेषास,

आशीर्वाद.

तुझ्या त्या उंचीला सांग, मी काही बावळट नाही. डबा उघडल्याबरोबर ओळखलं. पांढऱ्या पांढऱ्या कंदांची ती वेणी, तोरण आहे ते! लगेच दाराला लावलं. आता शोकाच्या वर्षात तोरण लावत नाहीत हे मला तू शिकवू नकोस. ते तिकडचं तोरण आहे, त्याला आपले नियम लागू नाहीत. शेजारची सुवर्णा आली होती, ती तर वाकून वाकून बघत होती. "ऑरगॅनिक आहे का हो?" म्हणे. म्हटलं, हो, हँडमेड.

प्रसादकडे घोडे नाहीत, विजेवरची गाडी आहे.

ते वस्तू वाटायचं मात्र मला काही पटलं नाही बाई. नवरा गेला, घरात खाणारी तोंडं एवढी, आणि हिनेच वर लोकांना वाटायचं? आपल्यात निदान लोक डबे आणून देतात. त्यातले निम्मे परत न्यायला येत नाहीत, तेवढाच फायदा. आणि त्यांच्या वस्तू द्यायच्या म्हणजे काय गं? माणूस गेला म्हणून त्याचा शर्टसुद्धा घराबाहेर काढायचा? मला नाही जमणार. विषय संपला.

साबणाची गोष्ट वाचून मात्र रात्रभर डोक्यात तेच. अगं, आमच्या तोंडात कुणी साबण कोंबला नव्हता, तरी ईशान माझ्याशी मराठीत बोलत नाही. आम्हीच म्हणालो, आधी इंग्रजी पक्कं होऊ दे. झालं पक्कं.

पण गोधडी! ती केशरी ताऱ्याची! आश्लेषा, मी जन्मात असली गोधडी पाहिली नाही. फोटो फ्रिजला लावलाय, येता-जाता बघते. उंचीला सांग, तिच्या हातात जादू आहे, असली एखादी गोधडी ज्याच्या घरात असेल तो खरा भाग्यवान. अगदी हेच शब्द सांग.

तुझी,
शैलामावशी


ग्रास क्रीक, २६ जानेवारी २०२५

ती. मावशी,

सा. न. अगदी तेच शब्द सांगितले. तिथेच घोळ झाला.

पण आधी तोरण. मावशी, ते तोरण नाही. ते टिंप्सिला. इथल्या माळरानात उन्हाळ्यात खणून काढतात, वेणी घालून सुकवतात आणि हिवाळ्यात रश्शात शिजवून खातात. उंची इतकी हसली की खुर्चीतून पडायची राहिली. आता गावभर सांगते आहे की कॅलिफोर्नियात एक बाई आहे, ती आपलं जेवण दाराला टांगते आणि लोक येऊन त्याला नमस्कार करतात.

आता घोळ. इथे एखाद्या वस्तूचं तू तोंड भरून कौतुक केलंस की ती वस्तू तुझी. मला हे माहीत होतं आणि तरी मी गाढवासारखं तुझं पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. मग किती समजावलं, की उंची, आमच्यात कौतुक फुकट असतं, आम्ही एकमेकींच्या पडद्यांचंसुद्धा करतो. ती म्हणाली, "मग तुमच्यात कौतुकाला किंमत काय?" मग थोडा विचार केला, मला तुझ्याबद्दल एकच प्रश्न विचारला, आणि गोधडी बांधायला घेतली. प्रश्न काय ते आत्ता सांगत नाही. पार्सल निघालं आहे. परत पाठवू नकोस, तो अपमान होईल.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मावशी, ती शेवटची गोधडी होती.

या महिन्यात बर्फाचं वादळ आलं. वीज गेली, घरं गरम ठेवायचा गॅस संपला आणि गॅसचा ट्रक रस्त्यातच अडकला. शेजारच्या घरात तान्हं बाळ होतं. उंचीने पहिली गोधडी तिथे पाठवली. मग दुसऱ्या घरी. नातवंडं बर्फातून गोधड्या पोचवत होती. सकाळपर्यंत पलंग रिकामा. तेवढी केशरी तिने उशाशी धरून ठेवली होती, ती काही सोडली नाही. आणि आता तीही तुझ्याकडे.

दिलेल्या गोधड्या परत मागायचा प्रश्नच नाही. "थंडी होती, त्यांची झाली," एवढंच म्हणते. पण काल तिला रिकाम्या पलंगाच्या कडेवर बसलेली पाहिलं. त्या पलंगावर बसायला बंदी होती ना, ती आता तीच मोडत होती. मला पाहून म्हणाली, "जूनमध्ये लोकांच्या खांद्यावर काय घालू? माझे हात?" कापडाचं दुकान इथून दोन तासांवर आहे आणि घरात चिंधी उरलेली नाही.

मी काय करू सांग.

तुझी,
आश्लेषा


फ्रीमाँट, ९ फेब्रुवारी २०२५

चि. आश्लेषास,

आशीर्वाद.

गोधडी आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ऊब काय आहे गं! पांघरली आणि कित्येक महिन्यांनी सलग झोपले. पुढून तारा केशरी, आणि मागे मात्र जुनंच चौकड्यांचं कापड लावलंय. एका कोपऱ्यात चक्क खिसासुद्धा तसाच ठेवलाय. बाई काटकसरी दिसते, आवडलं मला. मी त्या खिशात रात्री चष्मा ठेवते.

आता ऐक मी काय केलं.

सुवर्णाकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मला आमंत्रण नव्हतं. विसरली म्हणे. अगं, गेल्या वर्षीपर्यंत तिची तिळाची वडी बिघडली की मलाच फोन यायचा! मी घरी बसून रडले, खोटं कशाला सांगू. मग गोधडी खांद्यावर टाकली आणि गेले. सुवर्णा म्हणाली, "शैलाताई, आम्हाला वाटलं तुम्हाला आवडणार नाही." म्हटलं, हळदीकुंकू तुमचं तुम्हाला लखलाभ. मी लुटायला आले आहे.

आणि बोलता बोलता माझ्याच डोक्यात उजेड पडला. आपण संक्रांतीला काय करतो? वाण लुटतो! घरी आलेल्या प्रत्येकीला काही ना काही देतो, आणि त्याला लुटणं म्हणतो. मी त्या उंचीला वेडी ठरवत होते आणि जन्मभर प्लॅस्टिकचे डबे लुटत होते.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. बर्फ, बाळ, रिकामा पलंग. आणि म्हटलं, बायांनो, प्रत्येकीच्या घरात आहेरात आलेल्या साड्यांची एक बॅग आहे. नाही म्हणू नका. जी साडी आपल्याला आवडत नाही, नेसत नाही, आणि पुढच्या लग्नात दुसरीच्या गळ्यात मारायची म्हणून ठेवली आहे, ती बॅग घेऊन या.

आधी कुणीच कबूल होईना. मग आमच्या गल्लीतल्या रुहीची सासू म्हणाली, "माझ्याकडे दोन बॅगा आहेत." झालं! संध्याकाळपर्यंत माझ्या हॉलमध्ये डोंगर. त्यात एक जांभळी निघाली, पोपटांच्या काठाची. ती मीच सुवर्णाला तिच्या वास्तुशांतीला दिली होती. ती फिरत फिरत चार घरं करून परत माझ्याकडे! सुवर्णाने छताकडे पाहिलं. मीही तिकडेच पाहिलं, कारण मलाही ती मुळात कुणीतरी दिलेलीच होती.

खोकी पाठवली आहेत. उंचीला सांग, अगदी जिवापाड जपलेल्या साड्या आहेत.

तुझी,
शैलामावशी


ग्रास क्रीक, १६ मार्च २०२५

शैलजा,

हे पत्र मी, बर्निस, सांगते आहे आणि तुझी भाची लिहिते आहे. मध्ये मध्ये ती स्वतःचं घुसडेल. तिकडे लक्ष देऊ नकोस.

खोकी उघडली तेव्हा माझी नातवंडं ओरडली. इतके रंग या घरात कधी आले नव्हते. माझ्या बहिणी, भाच्या, शाळेतल्या बाया, सगळ्या शिवायला बसतात. ताऱ्यांवर तारे होत आहेत. जांभळ्या पोपटांचा एक झाला आहे, तो मी गॅसच्या ट्रकवाल्याला देणार. ट्रक अडकला त्या दिवशी तो चालत आला होता, पाठीवर सिलिंडर घेऊन.

तू म्हणालीस, जिवापाड जपलेल्या साड्या आहेत. शैलजा, मी म्हातारी आहे, आंधळी नाही. यातल्या कितीकांची पहिली घडीसुद्धा मोडलेली नाही. या जपलेल्या नाहीत, या पळत होत्या. कुणाच्याच घरात थांबायला तयार नव्हत्या. मला हे फार आवडलं. आम्हीही वस्तूला फार दिवस बसू देत नाही. फक्त तुम्ही लाजत लाजत करता आणि आम्ही माइकवर नाव पुकारून करतो.

(मावशी, हे ती अगदी गंभीर चेहऱ्याने सांगते आहे आणि मागे सगळ्या खिदळतायत.)

आता अडचण. तुमचं रेशीम फार गुळगुळीत आहे, मागे अस्तर लावायला सुती कापड पाहिजे. वापरून मऊ झालेलं, घट्ट विणीचं. पुरुषांचे शर्ट सगळ्यात चांगले. तुझ्याकडे असतील कुठे पडलेले, तर बघ. घाई नाही. जूनला वेळ आहे अजून.

तुझे लाडू माझ्या साखरेला चांगले नव्हते. पुन्हा पाठव.

बर्निस


फ्रीमाँट, ६ एप्रिल २०२५

चि. आश्लेषास,

आशीर्वाद आज नाहीत.

मी कालची नाही गं. "पुरुषांचे शर्ट, कुठे पडलेले." हे उंचीच्या तोंडून आलं असलं तरी डोकं तुझं आहे. कपाटाचं तूच तिला सांगितलंस. सांगितलंस ना? घरातली गोष्ट चार राज्यं ओलांडून गेली!

शर्ट हवेत ना, पाठवते. ईशानचे टी-शर्ट आहेत. या फ्रीमाँटात प्रत्येक घरात कंपन्यांनी फुकट वाटलेल्या टी-शर्टांचा ढीग असतो. मी सगळ्यांकडून गोळा केले. ज्या कंपन्या बुडाल्या त्यांचेसुद्धा आहेत. उंचीला म्हणावं, लाव अस्तर.

दुसरं काही माझ्याकडे नाही. किल्ली सापडत नाही.

शैलजा


ग्रास क्रीक, ४ मे २०२५

ती. मावशी,

सा. न. टी-शर्टाचं कापड ताणतं, अस्तराला चालत नाही. ते आता बालवर्गातली पोरं घालतात, गुडघ्यापर्यंत येतात. एका बुडालेल्या कंपनीचं नाव छातीवर घेऊन एक मुलगी काल लकोटात मोजायला शिकली.

ताऱ्यांची चळत तयार आहे, अस्तरावाचून. उंची तुला दोष देत नाही. उलट मलाच म्हणाली, "तिला घाई करू नकोस. नाहीच मिळालं तर मी चादरी फाडीन." मावशी, त्या घरात जास्तीच्या चादरी नाहीत.

हो, कपाटाचं मी सांगितलं. मला आवरलं नाही. तू फोनवर हसत बोलतेस आणि मग मध्येच गप्प होतेस, त्याला मी वारा समजत होते.

जानेवारीत तिने गोधडी बांधताना मला काय विचारलं होतं, ते आता सांगते. तिने विचारलं, "तुझी मावशी एकटी झोपते का?" मी हो म्हटलं.

कार्यक्रम चौदा जूनला आहे. तू ये. बाकी काही आणू नकोस, नुसती ये.

तुझी,
आश्लेषा

ता. क. मी शाळेत आणखी एक वर्ष राहते आहे. प्रसादला घोडे घ्यायला सांग.


फ्रीमाँट, १८ मे २०२५

चि. आश्लेषास,

अनेक आशीर्वाद.

किल्ली सापडली. माझ्याच पर्समध्ये होती. तुलाही ठाऊक होतं, मलाही.

तुझं पत्र दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. मग कपाट उघडलं. डांबराच्या गोळ्यांचा वास आधी आला आणि मग त्यांचा. मी दार परत लावून घेतलं. मग चहा केला, प्यायले नाही, आणि पुन्हा उघडलं. सगळे फुल शर्ट, रेघांचे, चौकटींचे, बाह्या दुमडायची जागा झिजलेली. ऑफिसला गाडी चालवत जायचे ना, डावी बाही उन्हाने फिकी. प्रत्येक खिशात बडीशेप! मी जन्मभर ओरडत राहिले, अहो, मशीनमध्ये बडीशेप निघते. आज जमिनीवर बसून ती वेचली आणि खाल्ली. रडले, खूप रडले. ईशान धावत वर आला. माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "आई, मी घड्या करतो." मराठीत म्हणाला.

खोकं पाठवलं आहे. एकही शर्ट ठेवून घेतला नाही. ठेवला असता तर सगळेच ठेवले असते, मी मला ओळखते.

एकच विनंती. माझ्या गोधडीवर उंचीने जसा खिसा राहू दिलाय, तसे यांचेही खिसे राहू देत. उसवू नका.

वर्षश्राद्ध पाच जूनला, गुरुजी झूमवर. ते आटोपून मी आणि ईशान येतोय. रॅपिड सिटीपर्यंत विमान, पुढे तो ड्राइव्ह करेल. लाडू साखर कमी घालून करते. म्हणजे ती जास्त खाईल.

तुझी,
शैलामावशी


फ्रीमाँट, २९ जून २०२५

बर्निसताईस,

नमस्कार. आश्लेषा तुला हे वाचून दाखवेल. एक शब्द गाळला तर तिचे कान उपट.

मी तुझ्यावर रागावून निघणारच होते. हो, रागावून! तुझ्या मांडवात माझ्या सगळ्या बायांच्या साड्या तारे होऊन चमकत होत्या. तू माइकवर एकेकाला बोलावत होतीस आणि गोधड्या खांद्यांवर पडत होत्या. गावातल्या नर्सला दिलीस, बाळाच्या आईला दिलीस, त्या ट्रकवाल्याला जांभळे पोपट दिलेस. तो एवढा धिप्पाड गडी पोपट पांघरून रडत होता. प्रत्येक गोधडी उलटली की मला यांच्या शर्टाची एक बाही, एक रेघ दिसायची. मी मनात म्हणत होते, आता माझं नाव येईल. एक तरी मला मिळेल. ईशानला दिलीस तीसुद्धा मी धरून पाहिली, तर नेमकं तिचंच अस्तर दुसरं! आणि मला काय, तर टिंप्सिलाची वेणी! वर माइकवर सांगितलंस, "ही दाराला टांगायची नाही." सगळा गाव हसला.

माझा नवरा तू गावभर वाटून टाकलास आणि माझ्या हातात कंदमुळं ठेवलीस, असं वाटलं मला. खरं सांगते.

मग जेवणाच्या टेबलाजवळ वेस्लीचा फोटो पाहिला. घोड्यापाशी उभा आहे, टोपी मागे सरकवलेली, हसतोय. अंगात चौकड्यांचा शर्ट. डाव्या बाजूला खिसा, आणि खिशाच्या टोकाला ठिगळ लावलेलं, पिवळ्या दोऱ्याने. तो पिवळा दोरा मी फेब्रुवारीपासून रोज रात्री चष्मा ठेवताना बोटाखाली चाचपते आहे.

ताई, बर्फात सगळ्या गोधड्या दिल्यास आणि ती एक उशाशी धरून बसलीस, ती का, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. आणि ती तू मला पाठवलीस, मी एकटी झोपते म्हणून. मी तुला काटकसरी म्हणाले होते. मी तुझ्याकडे वळले, तर तू लाडू खात होतीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "साखर कमी आहे."

काल मी टिंप्सिला शिजवला. कांदा, थोडा काळा मसाला. ईशानने दोनदा घेतला. अर्धी वेणी सुवर्णाला दिली आहे. तिने ती दाराला लावली.

गोधडी परत मागू नकोस, द्यायची नाही. वेस्लीच्या खिशात माझा चष्मा अगदी नीट बसतो. आता तू एवढं कर. गावात फिरून बघ, आणि उल्हासच्या खिशांत कोण कोण काय ठेवतंय ते मला कळव.

तुझी,
शैलजा